कुठेतरी पाणी मुरतंय

आमच्या गाडीच्या बॉनेटखाली एका कोपऱ्यात प्लॅस्टिकची एक बाटली आहे. कधीकाळी ती पांढरी होती. आता तिचा रंग जुन्या लोणच्याच्या बरणीच्या झाकणासारखा झालाय. तिच्या अंगावर दोन आडव्या रेघा आहेत, वरची भरल्याची आणि खालची संपत आल्याची. या दोन रेघांच्या मधे हिरवं पाणी असलं पाहिजे, एवढीच तिची जगाकडून अपेक्षा. पहिली वीसएक वर्षं मी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गेल्या चैत्रापासून मात्र दिवस तिच्या दर्शनाने उगवतो. लोक सकाळी उठून तळहात बघतात, मी बॉनेट उघडतो.

गाडी २००४ सालची. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही. एवढी वर्षं चालली हे तिचं पुण्य आणि गळायला लागली हा वयाचा दोष, त्यात कंपनीला कशाला ओढा? मुलगा म्हणतो विका. पण विकायला काढली तर जी किंमत येईल ती ऐकून माझाच अपमान होईल, म्हणून ठेवली आहे.

तर एका शनिवारी सहज बघितलं तेव्हा पाणी खालच्या रेघेला टेकलेलं होतं. भरलं. पुढच्या शनिवारी परत तिथेच. हिशेब केला, आठवड्याला साधारण एक कप. चहाचा, मोठा. गाडीखाली वाकून पाहिलं तर फरशी कोरडी ठणठणीत. घरात सांगितलं तर बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय." हे वाक्य ती एरवी सोसायटीच्या वार्षिक हिशेबाबद्दल वापरते.

यात गंमत अशी की गाडीतलं हे पाणी मुळात कमी व्हायलाच नको. इंजिनातून रेडिएटरमध्ये, तिथून परत इंजिनात, असं ते गोल फिरत असतं. बंद घर आहे ते. तिथलं पाणी कमी झालं म्हणजे कुणीतरी नेलंच. आणि नुसतं बंद नाही, दाबाखाली बंद. रेडिएटरच्या झाकणावर ०.९ असा आकडा असतो. आत साधारण तेवढा जादा दाब चढेपर्यंत ते झाकण हलत नाही. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातला कुकरच. दाब वाढला की पाणी शंभर अंशांना उकळत नाही, त्यातून निम्मं कूलंट मिसळलेलं असलं तर सव्वाशेच्याही पुढे जाईपर्यंत दम धरतं. मात्र कुकरची रिंग सैल असली की काय होतं हे तुम्हाला माहीत आहे. शिट्टी होत नाही, कडेने वाफ जाते, डाळ कच्ची राहते आणि तळ करपतो. गाडीतही तंतोतंत हेच होतं, फक्त करपतं ते इंजिन आणि ते घासून निघत नाही.

पुण्यात साधं पाणी शंभरलाही उकळत नाही, अठ्ठ्याण्णवच्या आसपासच उकळतं. महाबळेश्वरला तर पंचाण्णव-शहाण्णवलाच. गाव जितकं उंच तितकी पाण्याला घाई. इंजिन बिचारं एरवीही नव्वदच्या घरात तापलेलं असतं. म्हणजे दाब गेलेली गाडी घेऊन घाट चढणं म्हणजे काय, ते माझ्या पिढीला सांगायला नको. द्रुतगती मार्ग व्हायच्या आधी आम्ही मुंबईहून पुण्याला यायचो ते बोरघाटातून. शिंग्रोबाच्या देवळाशी गाड्या थांबायच्या. इंग्रजांना घाटातली वाट दाखवणाऱ्या धनगराचं ते देऊळ, अशी कथा. चालत्या गाडीतून लोक तिथे नाणी टाकायचे. पण थांबणाऱ्यांतले निम्मे भक्तिभावाने थांबलेले नसत. बॉनेट वर, वाफ आभाळात, बायका-मुलं कठड्यावर बसून भडंग खाताहेत आणि घरातला कर्ता पुरुष पत्र्याचा डबा घेऊन पाण्याच्या शोधात, असं ते दृश्य. वडिलांच्या एका मित्राने तिथे ओलं फडकं टाकून गरम झाकण फिरवलेलं मी पाहिलं आहे. कारंजं उडालं. त्यांचा हात आणि त्यांचा आत्मविश्वास दोन्ही बरे व्हायला महिना लागला. गरम गाडीचं झाकण उघडू नये, हे मी तेव्हा शिकलो ते अजून विसरलेलो नाही.

तशी ही डब्याची परंपरा मोटारीइतकीच जुनी. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता त्याने बनवलेली मोटार घेऊन दोन मुलांसह जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी गेली. शंभरएक किलोमीटर. त्या इंजिनाचं पाणी उकळून उडूनच जायचं, त्यामुळे वाटेत मिळेल तिथे पाणी भरत भरत ती पोचली. म्हणजे जगातल्या पहिल्या लांबच्या मोटारप्रवासातही कुणीतरी पाणी शोधत हिंडत होतं. हे वाचल्यापासून मला आमच्या गाडीबद्दल जरा आपुलकी वाटायला लागली.

असो. फरशी कोरडी का, हा प्रश्न होता.

आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये बॉनेट उघडणं म्हणजे सभेची नोटीस काढण्यासारखं आहे. सगळ्यात आधी दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर आले. त्यांनी आयुष्यभर पूल बांधले, पण त्यामुळे त्यांचं मोटारीबद्दलचं मत कमकुवत होत नाही. तेवढ्यात गाडीखाली खरंच दोन थेंब पडले. "एसीचं पाणी!" ते म्हणाले आणि निघाले. ते एसीचंच होतं. एसीचं पाणी स्वच्छ, बिनवासाचं, दव असावं तसं. आमच्या गाडीत ते डाव्या बाजूला, शेजारच्या सीटच्या पायांखाली पडतं. कूलंट तसं नसतं. आमचं हिरवं आहे, काही गाड्यांत गुलाबी असतं. चिमटीत धरून बोटं चोळली तर बुळबुळीत लागतं. आणि वास गोड, पाक उतू जाऊन शेगडीवर करपावा तसा. काही धाडसी लोक चव घेऊन खात्री करतात म्हणे. कृपा करून करू नका. ते विष आहे, थेट मूत्रपिंडावर जातं. त्यातून गोड असल्यामुळे मांजरं-कुत्री ते चाटतात, हे जास्त वाईट. आमच्या गाडीखाली ऊब म्हणून सोसायटीची मनी झोपते. तेव्हापासून मला इंजिनापेक्षा मनीची काळजी.

मी नव्या फ्रिजचा पुठ्ठा उलगडून गाडीखाली अंथरला. रात्रीत कुठे डाग पडतो ते कळेल, म्हणजे वर कुठे गळतंय ते कळेल, असा बेत. सकाळी पुठ्ठ्यावर मनी होती. पुठ्ठा तिला आवडला. तिच्या पायांचे ठसे, एक जुना ऑइलचा डाग आणि एक अर्धी खाल्लेली पाल एवढा पुरावा हाती आला.

मग गॅरेज. आमचे मिस्त्री साताऱ्याकडचे, साठीला आलेले. कमी बोलतात आणि बोलतात तेव्हा पाना हलवून बोलतात. पण त्यांच्या दारात गाडी गळेचना. मी पोचतो तेव्हा ती तापलेली असते, नंबर येईपर्यंत आणि मिस्त्रींचा चहा होईपर्यंत निवते. थंड गाडीत दाब नसतो, आणि दाब नसला की भेगेला तोंड उघडायचं कारण नसतं. दातदुखीसुद्धा डॉक्टरच्या पायरीवर अशीच शहाणी होते.

"झाकण बदलू," मिस्त्री म्हणाले. बदललं. तर्क चूक नव्हता. झाकणाची स्प्रिंग ढिली झाली, रबर कडक झालं, तर दाब धरत नाही. आठवडा गेला, एक कप गेला. मग गाडीखाली, बरोबर मध्यावर, एक हिरवट थेंब एकदाचा सापडला. मी इतका आनंदलो की बायकोला खाली बोलावून दाखवला. मिस्त्रींनी जॅक लावून टॉर्च मारला, थेंबाच्या वर रेडिएटरचा खालचा होज ओला दिसत होता. होज बदलला, क्लॅम्प नवे आवळले. पुढच्या शनिवारी परत एक कप.

तिसऱ्या खेपेला त्यांनी हात पुसत हळूच तो शब्द काढला. "हेड गॅस्केट नसंल ना गेलं, साहेब?"

ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांना या शब्दाचा अर्थ सांगायला नको. ज्यांच्याकडे नाही त्यांनी एवढंच समजावं की घरच्या डॉक्टरने रिपोर्ट खाली ठेवून चष्मा काढावा, तसा तो क्षण असतो. इंजिनाचा वरचा भाग आणि खालचा भाग यांच्यामध्ये एक पातळ पत्रा असतो. तो गेला की पाणी सिलिंडरमध्ये जळतं किंवा ऑइलमध्ये मिसळतं, आणि बाहेर थेंबसुद्धा दिसत नाही. दुरुस्ती म्हणजे हेड उतरवायचं, सपाट करून आणायचं, आणि तोपर्यंत मालकाने रिक्षाने फिरायचं. पण मिस्त्री प्रामाणिक माणूस. लगेच खोलायला घेतलं नाही. ऑइल भरायचं झाकण उघडून त्याची आतली बाजू पाहिली. पाणी मिसळलं असतं तर तिथे ताकाच्या लोण्यासारखा फेस जमला असता. ती काळीभोर, स्वच्छ. गार इंजिनाचं रेडिएटर उघडून गाडी चालू केली, बुडबुडे येतात का ते पाहिलं. नाही. सायलेन्सरमागे उकिडवं बसून धुराचा वास घेतला. त्यात गोडी नव्हती. "न्हाई," ते म्हणाले. मला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

जाता जाता त्यांनी थर्मोस्टॅट काढून टाकायची तयारी दाखवली. आपल्याकडचा हा लाडका उपाय, "वॉल्व्ह काढा, गाडी थंड राहील." मी नको म्हटलं. त्या इवल्याशा डबीत मेण असतं. पाणी ऐंशी-पंच्याऐंशी अंशांना गेलं की मेण वितळून फुगतं, दांडी ढकलतं, आणि रेडिएटरची वाट उघडते. ना वायर ना बटण. गार झालं की मेण आक्रसतं आणि वाट बंद. इतकं सोपं आणि इतकं हुशार काहीतरी कुणीतरी करून ठेवलंय, ते काढून भंगारात टाकायचं माझ्याच्याने होत नाही.

एव्हाना बातमी पसरली होती. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पाण्याचा टँकर येतो. त्याच्या ड्रायव्हरने मला बॉनेटात डोकं घातलेलं पाहिलं आणि विचारपूस करून म्हणाला, "दोन चमचे हळद टाका रेडेटरमधी. गळती बंद." हा ट्रकवाल्यांचा जुना उपाय आहे आणि अगदीच खोटा नाही. हळदीचे बारीक कण वाहत जाऊन भेगेत अडकतात. पण ते भेगेतच अडकतील आणि रेडिएटरच्या चपट्या बारीक नळ्यांत अडकणार नाहीत, असं हळदीला कोण सांगणार? आडरानात गाडी अडकली तर हळद, एरवी ती भाजीतच बरी. शिवाय सल्ला देणाऱ्याच्या टँकरमधून नाक्यापासून आमच्या फाटकापर्यंत पाण्याची धार लागली होती. त्याच्याकडे मी बघितलं. तो म्हणाला, "ते चालतंय."

कोडं सुटलं ते आईमुळे. आईला गाडीतलं शून्य कळतं. मागच्या सीटवर उजवीकडे बसायचं आणि वळणावर "जपून रे" म्हणायचं, एवढाच तिचा मोटारीशी संबंध. पण जेवताना मी सगळी कहाणी सांगितली, थेंब होजखाली पडतो आणि होज बदलला तरी पडतो, तेव्हा ती म्हणाली, "थेंब पडतो ती जागा खोटी असते रे."

तिचं माहेर रत्नागिरीकडे. कौलारू घर. पावसाळ्याआधी घर शाकारून घ्यायचे, तरी आषाढात एक रात्र अशी यायची की माजघरात टप टप सुरू व्हायचं आणि खाली तपेली ठेवावी लागायची. तिचे आजोबा तपेल्याच्या बरोबर वरचं कौल कधी बघायचे नाहीत. कौल फुटायचं वर आढ्याशी, पाणी वाशाच्या पाठीवरून चालत खाली यायचं आणि जिथे गाठ लागेल किंवा खिळा भेटेल तिथे थेंब व्हायचा. मग आजोबा काय करायचे? चुलीतली कोरडी राख घेऊन माळ्यावर चढायचे आणि वाशावर हात फिरवायचे. थोड्या वेळाने राखेत ओली रेघ उमटायची. त्या रेघेवरून वर वर जायचं. रेघ संपते तिथे भोक.

आमच्या घरात राख नाही. पावडर आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन थंड असताना फडक्याने जिथे जिथे हात पोचला ते सगळं पुसून कोरडं केलं आणि होजपासून मागे, गिअरबॉक्सच्या अंगावर, टाल्कम पावडरचा डबा रिकामा केला. बायको गॅलरीतून बघत होती. काही बोलली नाही, हे तिचं मोठेपण. मग सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलो, गाडी बंद केली, लांब बाह्यांचा शर्ट घातला आणि टॉर्च घेऊन आत डोकावलो.

पावडरीत रेघ होती. करंगळीएवढी रुंद, हिरवट, कडेने चिकट झालेली. होजपाशी ती जाड होती, तिथून गिअरबॉक्सच्या कडेकडेने मागे जात बारीक होत गेली होती आणि पुढे इंजिनाच्या पाठीमागे, जिथे ड्रायव्हरच्या पुढचा पत्रा येतो तिथे, अंधारात वर चढत होती. त्या अंधारात दोन काळे पाईप पत्र्यातून आत गेलेले. हीटरचे! पुण्यात हीटर कोण लावतो? एकवीस वर्षांत मी तो एकदाही लावलेला नाही. पण गाडीला ते माहीत नाही. तिने इमानाने एकवीस वर्षं त्या पाईपमधून उकळतं पाणी फिरवत ठेवलं होतं. वरच्या पाईपचं तोंड भिजलेल्या पापडासारखं मऊ आणि फुगलेलं, क्लॅम्पच्या कडेला पांढरा-हिरवा थर, बोअरच्या पाण्याने नळाच्या तोटीला बसतो तसा. कान लावला तर बारीक आवाज, दुधाची पहिली साय धरताना येतो एवढाच. स्स्. तिथून निघालेला थेंब बहुतेक वेळा गरम लोखंडावर पडून वाटेतच उडून जायचा. फरशी कोरडी होती ती त्यामुळे.

मिस्त्रींना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर केला. "ह्यो पाईप? ह्यो कोण बघतंय!" तरी त्यांनी खात्री करून घेतली. शेजारच्या रेडिएटरवाल्याकडून हातपंप आणला. झाकणाच्या जागी तो बसवायचा, पंप मारून गाडी थंड असतानाच आत दाब चढवायचा आणि घड्याळाचा काटा बघत बसायचं. काटा ०.९ वर गेला आणि मग, आपल्याला कुणी बघत नाही असं समजून, हळूहळू खाली सरकायला लागला. आम्ही दोघं मागे वाकलो. पाईपच्या तोंडाशी हिरवा मणी फुगला, जरा थांबला आणि वाशाच्या पाठीवरून चालायला लागला. हा पंप पहिल्याच दिवशी का आणला नाही, हे मी विचारलं नाही. मिस्त्रींनीही सांगितलं नाही. चहा मात्र त्यांनी पाजला.

वीतभर पाईप निघाला. तीनशे चाळीस रुपये, दोन नवे क्लॅम्प धरून. त्याआधीचं झाकण, होज, दोनदा टाकलेलं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन हे सव्वादोन हजार. पावडरचा डबा वेगळा, तो मला दुसऱ्या दिवशी आणून द्यावा लागला, आणि त्याच कंपनीचा.

या गोष्टीला आता तीन महिने झाले. पाणी दोन रेघांच्या बरोबर मधे आहे. काल संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या इंजिनिअरसाहेबांनी गॅलरीतून हाक मारली, "अहो, परत गळतंय की तुमचं! मी तेव्हाच म्हणत होतो, कूलंटच आहे!" मी खाली जाऊन डाव्या बाजूला वाकलो, बोट लावलं, वास घेतला.

एसीचं होतं.